आमची वाटचाल : व्हीबी सिक्स ते क्यूटी
२००६ मध्ये भोसरीत एका गाळ्याच्या पोटमाळ्यावर आम्ही सुरुवात केली. काम एकच: युनिव्हर्सल टेस्टिंग मशीनशेजारच्या पीसीवर चालणारं सॉफ्टवेअर. मशीन सळई किंवा पत्र्याचा तुकडा तुटेपर्यंत ओढतं, लोडसेलचे (भार मोजणाऱ्या सेन्सरचे) आकडे पीसीच्या सीरियल पोर्टातून येतात, आपण ग्राफ काढायचा आणि रिपोर्ट छापायचा. लिहिलं व्हीबी सिक्स (व्हिज्युअल बेसिक ६) या प्रोग्रामिंग भाषेत, कारण मला तेवढंच येत होतं. मायक्रोसॉफ्टने त्याचा सपोर्ट २००८ मध्ये बंद केला, तरी पुढची नऊ वर्षं आम्ही त्यावरच पोट भरलं. चालतंय ना, मग कशाला हात लावा!

मग चाकणच्या एका लॅबमध्ये फजिती झाली. तिथल्या दादांनी आधीच्या सॅम्पलचा रिपोर्ट छापायला टाकला आणि तेवढ्यात पुढचं सॅम्पल मशीनला लावलं. वेळ कोण फुकट घालवतो? प्रिंटर रखडला, आमची स्क्रीन गोठली आणि मशीनमध्ये खाडकन सॅम्पल तुटलं. स्क्रीन जागी झाली तेव्हा ग्राफ शून्यावर. ज्या कमाल लोडसाठी टेस्ट, तोच आकडा गायब. ''साहेब, तुटलेलं परत जोडून देता का?'' दादांनी विचारलं. मी काय बोलणार? पोर्ट वाचणं, ग्राफ काढणं, छपाई, सगळं आम्ही एकाच थ्रेडवर (प्रोग्राममध्ये एकामागून एक कामं करणारा धागा) लादलं होतं; एक अडलं की सगळं अडलं.

दुसरं दुखणं मराठीचं. व्हीबी सिक्सच्या बटणांना आणि लेबलांना युनिकोड (सगळ्या लिप्यांसाठीचं सामायिक अक्षर-मानक) कळत नाही. देवनागरी टाकलं की ओळीने प्रश्नचिन्हं. म्हणून जुने, युनिकोडपूर्व फॉन्ट लावायचो. ज्या पीसीवर तो फॉन्ट नसेल तिथे 'नमुना क्रमांक'च्या जागी नुसती गिचमिड.

२०१७ मध्ये तिघांनी पंधरा दिवस काढून एकच स्क्रीन जीटीके, डब्ल्यूएक्सविजेट्स आणि क्यूटी या तीन टूलकिटांत (स्क्रीनवरची बटणं, खिडक्या तयार देणाऱ्या लायब्ररी) लिहिली. मशीनऐवजी सेकंदाला शंभर खोटे आकडे सोडणारा एक छोटा प्रोग्राम केला. जीटीके लिनक्सवर छान दिसतं, विंडोजवर मात्र परक्या घरी आल्यासारखं. माझा कल डब्ल्यूएक्सविजेट्सकडे होता. १९९२ पासूनची लायब्ररी, विंडोजची स्वतःचीच बटणं वापरते, लायसन्सची कटकट नाही. पण लिनक्सवर तीच स्क्रीन वेगळी दिसायची आणि थ्रेडची बरीच जुळवाजुळव हाताने करावी लागली.

क्यूटीत ते काम सिग्नल-स्लॉटने झालं. (अधिकृत उच्चार 'क्यूट', पण भोसरीत तसं म्हणायला जीभ रेटत नाही.) पोर्ट वाचणारा थ्रेड आकडा जपून ठेवतो आणि 'आकडा आला' एवढा सिग्नल सोडतो. सिग्नल रांगेत पडतो, स्क्रीनचा थ्रेड सवडीने उचलतो. आम्ही मुद्दाम चाळीस पानांचा रिपोर्ट छापायला लावला, तरी एक आकडा हरवला नाही. देवनागरी जोडाक्षरं नीट उमटली. 'स्टार्ट'च्या जागी 'चाचणी सुरू करा' टाकल्यावर लेआउटने बटण आपोआप रुंद केलं. व्हीबीत आम्ही पिक्सेल मोजत बसायचो.

घोडं अडलं लायसन्सवर. व्यावसायिक परवान्याचा आकडा ऐकून चहा गार झाला. पण २००९ पासून क्यूटी एलजीपीएल या खुल्या लायसन्सखालीही मिळते: डीएलएल (लायब्ररीच्या फायली) वेगळ्या ठेवा, लायसन्सचा मजकूर सोबत द्या, ग्राहकाला लायब्ररी बदलायची मोकळीक ठेवा, आपला कोड आपल्याकडे. एवढं वाचून आम्ही निर्धास्त झालो आणि क्यूटी चार्ट्स या तिच्या ग्राफच्या मॉड्यूलमध्ये सगळे ग्राफ करून मोकळे झालो. ते मॉड्यूल फुकटात हवं तर जीपीएल या जास्त कडक खुल्या लायसन्सखाली येतं, म्हणजे आपला कोडही खुला करावा लागतो, हे डिलिव्हरीच्या तोंडावर लक्षात आलं. तीन आठवडे जागून ग्राफ क्यूडब्ल्यूटी या दुसऱ्या ग्राफ लायब्ररीवर नेले. आता नवीन मॉड्यूल घेताना आधी लायसन्सचं पान उघडतो, मग डेमो.

क्यूटीसाठी सी प्लस प्लस ही भाषा शिकण्यात सहा महिने गेले, त्यात दोन जुने ग्राहकही गेले. चाकणचे राहिले.

सध्या क्यूटी ६ वर जायचं काम अर्ध्यावर आहे. ती विंडोज ७ वर चालत नाही, आणि चाकणच्या त्याच दादांच्या टेबलावर अजून विंडोज ७ आहे. नवा पीसी घ्या म्हटलं, तर म्हणाले, ''आता कुठे नीट चाललंय, हात लावू नका.''