तुम्ही विचारलंत म्हणून: इटालियन येत नाही, मग ही गाणी कशी ऐकता?

घरी कुणी आलं आणि मागे इटालियन रॉक चालू असलं की हा प्रश्न येतोच.

कॉलेजात मी इंग्लंडमधलं प्रॉग रॉक, म्हणजे लांबलचक, गुंतागुंतीच्या रचनांचं रॉक, पुष्कळ ऐकायचे. एका मैत्रिणीने पेन ड्राइव्ह भरून गाणी दिली, त्यात 'इम्प्रेसिओनी दी सेत्तेंब्रे' होतं. मिलानच्या 'प्रेमियाता फोर्नेरिया मार्कोनी'चं, म्हणजे पीएफएमचं. (फोर्नेरिया म्हणजे बेकरी. कियारी गावातल्या एका बेकरीवरून बँडचं नाव पडलं.) त्यांचा फ्रांको मुस्सिदा अगदी हलक्या आवाजात, स्वतःशीच बोलल्यासारखा गातो. गाणं चढत जातं, आता ध्रुवपद येणार असं वाटतं आणि नेमका तिथे तो थांबतो. ध्रुवपद गातो तो मूग सिंथेसायझर, म्हणजे एक इलेक्ट्रॉनिक वाद्य! मला ती भाषा येत नव्हती आणि गाण्यातली सर्वांत उंच जागा शब्दांवाचूनच होती. त्या रात्री ते किती वेळा लावलं, मोजलं नाही.

अर्थ पुढे शोधला. धुक्याची पहाट, सगळीकडे दव, निजलेलं शिवार आणि सूर्य शोधत चाललेला एक माणूस. सुरांनी हे आधीच सांगितलं होतं.

हे गाणं ज्या 1972च्या अल्बमवर आहे, त्यावरच 'ए फेस्ता' आहे. त्यात सिंथेसायझर आणि ड्रम्स चक्क गावजत्रेतल्या साल्तारेल्लो-तारांतेल्ला या लोकनृत्यांसारखे नाचतात. लोकसंगीत इथे वरून भुरभुरलेलं नाही, गाणं त्यावरच उभं आहे. पुढच्याच वर्षी ते इंग्रजीतही आलं, किंग क्रिमसन या इंग्लिश बँडसाठी लिहिणाऱ्या पीट सिनफिल्डच्या शब्दांत. मला मूळ गाणंच हवं असतं. इटालियन शब्द बहुतेक स्वरांवर संपतात, त्यामुळे गायकाला सूर हवा तितका लांबवता येतो. इंग्रजीत तो व्यंजनावर तुटतो.

लांबवलेला सूर काय असतो, ते रोमच्या 'बांको देल मुतुओ सोकोर्सो' या बँडच्या फ्रांचेस्को दी जाकोमोकडे ऐकावं. ऑपेरात शोभेल असा आवाज! पण 1973च्या 'नॉन मी रोंपेते'मध्ये तोच माणूस साध्या गिटारींच्या संगतीने गातो आणि शेवटी असा फेर धरला जातो की घरात बसवत नाही.

माझा खरा जीव मात्र माउरो पागानीवर. पीएफएममध्ये व्हायोलिन आणि बासरी त्याचीच. सत्तरच्या दशकातच तो बँड सोडून भूमध्य समुद्राकाठच्या लोकसंगीताकडे वळला. ऊद, बुझुकी अशी तंतुवाद्यं हाताळू लागला आणि 1984मध्ये गायक-गीतकार फाब्रित्सिओ दे आंद्रेबरोबर त्याने 'क्रोझा दे मा' हा अल्बम केला. हे रॉक नव्हे, पण माझी वाट इथवर आली. त्यातली गाणी जेनोवा शहराच्या बोलीत आहेत, आणि ती बोली इटलीतल्याही बहुतेकांना कळत नाही! पहिल्या गाण्याच्या शेवटी जेनोवाच्या मासळी बाजारातला गलबला आहे, विकणाऱ्यांच्या हाका आहेत. दर वेळी तो पूर्ण विरेपर्यंत मी पुढचं गाणं लागू देत नाही.