दोन सहलींच्या मधले मोकळे दिवस

इटलीची मार्गदर्शित सहल रोममध्ये संपणार होती आणि मध्य युरोपची दुसरी सहल व्हिएन्नापासून सुरू होणार होती. दोन्हींच्या तारखा सहल कंपनीने ठरवलेल्या असल्यामुळे मधल्या काही दिवसांचे काय करायचे, हा प्रश्न मी आणि माझी थोरली बहीण यांच्यापुढे होता. ताईचे म्हणणे असे की, एवढ्या दूर आलोच आहोत तर स्वित्झर्लंडही पाहून घ्यावे. रोमहून झुरिक, तिथून एखादा डोंगरमाथा, मग व्हिएन्ना. नकाशावर हे सहज बसत होते. मला मात्र हे दिवस एकाच गावात घालवायचे होते आणि ते गाव रोम आणि व्हिएन्ना यांच्या मधल्या रेल्वेमार्गावरचे असावे, अशी माझी इच्छा होती. अखेर आम्ही व्हेनिसजवळचे पादोवा निवडले. ही निवड ज्या विचाराने झाली, तो विचार अशा पेचात सापडलेल्या इतर प्रवाशांच्या उपयोगी पडेल असे मला मनापासून वाटते.

गटसहलीची बांधणीच अशी असते की काही गोष्टी ती उत्तम करते आणि काही तिला करताच येत नाहीत. मोठी अंतरे, सामानाची ने-आण, गर्दीच्या स्थळांची आगाऊ तिकिटे, भाषेची अडचण हे सगळे ती सोपे करते. परंतु चाळीस माणसे एका बसमध्ये बसली की वेळापत्रक बसचे होते. युरोपीय संघाच्या नियमानुसार चालकाला साडेचार तास गाडी चालवल्यानंतर ४५ मिनिटांची विश्रांती घ्यावीच लागते आणि त्याच्या दिवसभराच्या चालवण्यावर साधारण नऊ तासांची मर्यादा असते. शिवाय इटलीतल्या कित्येक शहरांच्या जुन्या भागात मोठ्या गाड्यांना प्रवेश नसतो. त्यामुळे सहल कुठे थांबणार, किती वेळ थांबणार आणि कुठे जाणारच नाही, हे सहल-व्यवस्थापकाच्या आवडीनिवडीपेक्षा या गोष्टींवर अधिक अवलंबून असते. हे लक्षात आल्यावर मोकळ्या दिवसांची कसोटी मला स्पष्ट दिसू लागली. गटाच्या आकारामुळे जे पाहता येत नाही, नेमके तेच या दिवसांत पाहावे. दोन सहलींच्या मध्ये स्वतःच्या हिमतीवर तिसरी तशीच सहल उभी करू नये.

पादोवातील स्क्रोवेन्यी चॅपेल या कसोटीला अगदी चपखल उतरते. एनरिको स्क्रोवेन्यी या धनाढ्य गृहस्थाने बांधवून घेतलेल्या या छोट्या प्रार्थनामंदिराच्या भिंती ज्योत्तो या इटालियन चित्रकाराने रंगवल्या आणि ते काम सुमारे १३०५ मध्ये पूर्ण झाले. आत एका वेळी जास्तीत जास्त २५ माणसांना सोडतात. त्याआधी काचेच्या एका बंद कक्षात पंधरा मिनिटे बसावे लागते, जेणेकरून बाहेरून आलेल्या माणसांबरोबरची दमट हवा आणि धूळ भित्तिचित्रांपर्यंत पोहोचू नये. आणि त्यानंतर प्रत्यक्ष चित्रांसमोर मिळतात तीही साधारण पंधराच मिनिटे. चाळीस जणांची तुकडी इथे दोन वेळांत विभागावी लागेल, पहिल्या निम्म्यांना दुसऱ्यांची वाट पाहावी लागेल आणि सबंध सकाळ एका लहानशा वास्तूवर खर्च होईल. बहुतेक सहली पादोवाला वळसा घालून थेट व्हेनिसला का जातात, याचे एक मोठे कारण मला यात दिसते.

ती पंधरा मिनिटे मी कशी वापरली ते थोडे सविस्तर सांगते, कारण तयारी नसेल तर ती नुसती मान वर करून निळे छत पाहण्यातच संपतात. छत खरोखरच विलक्षण आहे, गर्द निळे आणि सोनेरी ताऱ्यांनी भरलेले. पण कथा भिंतींवर आहे, आणि ती उजव्या भिंतीवरच्या सर्वांत वरच्या ओळीपासून सुरू होऊन फेर धरत खाली उतरते. आम्ही आदल्या रात्री चित्रांचा क्रम वाचून ठेवला होता आणि प्रत्येकीने आपापली तीन चित्रे आधीच निवडली होती. मी निवडलेल्यांत येशूच्या जन्मानंतर तीन ज्ञानी पुरुष भेटीला येतात ते चित्र होते. त्यात गोठ्याच्या वर नेहमीच्या ताऱ्याऐवजी शेपूट असलेला, आगीसारखा लालसर धूमकेतू आहे. १३०१ मध्ये हॅलेचा धूमकेतू दिसला होता आणि ज्योत्तोने तोच पाहून हे चित्र काढले असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. १९८६ मध्ये त्याच धूमकेतूजवळून गेलेल्या युरोपीय अवकाशयानाला म्हणूनच ज्योत्तोचे नाव दिलेले होते. ताई मात्र येशूच्या मृतदेहाभोवतीच्या शोकाच्या चित्रासमोर जवळजवळ सगळा वेळ उभी राहिली. पाठमोऱ्या बसलेल्या स्त्रिया, ज्यांचे चेहरे दिसतच नाहीत, तरी ज्यांचे दुःख पाठीच्या वाकण्यातून कळते, त्यांच्याविषयी ती नंतर दिवसभर बोलत होती. सहलीत रोज पाहिलेल्या डझनभर वास्तूंपैकी एकीबद्दलही आमचे इतके बोलणे झाले नव्हते.

चॅपेलला लागूनच एरेमितानी हे चर्च आहे. ११ मार्च १९४४ रोजी झालेल्या बॉम्बहल्ल्यात ते उद्ध्वस्त झाले आणि मांतेन्या या चित्रकाराने तरुणपणी रंगवलेल्या भित्तिचित्रांपैकी बराचसा भाग चुरा होऊन खाली आला. लोकांनी तो चुरा गोळा करून जपला. जुन्या कृष्णधवल छायाचित्रांच्या आधारे प्रत्येक तुकड्याची मूळ जागा शोधून आता ते तुकडे भिंतीवर बसवलेले आहेत, त्यामुळे करड्या रेषांच्या चित्रात मधेमधे रंगाची बेटे दिसतात. ज्योत्तोची भिंत तिथून काही पावलांवर होती आणि वाचली, ही जाणीव तिथे उभे असताना फार तीव्र होते. या दोन्ही जागा एकाच सकाळी, याच क्रमाने पाहाव्यात.

पादोवाच्या विद्यापीठाची स्थापना १२२२ ची. गॅलिलिओने १५९२ ते १६१० या काळात इथे अध्यापन केले आणि १६७८ मध्ये एलेना कोर्नारो पिस्कोपिया या विदुषीला इथेच तत्त्वज्ञानाची डॉक्टरेट मिळाली; विद्यापीठाची अशी पदवी मिळवणारी ती जगातील पहिली स्त्री मानली जाते. तिचा पुतळा विद्यापीठाच्या जुन्या इमारतीतील जिन्यापाशी आहे. याच इमारतीत १५९५ मध्ये सुरू झालेले शरीरशास्त्राचे सभागृह आहे: मधोमध शवविच्छेदनाचे टेबल मावेल एवढीच जागा आणि भोवती लंबगोलाकार लाकडी सज्जांचे सहा थर, एकावर एक चढत गेलेले. इथेही ठरावीक वेळी, छोट्या गटाने, विद्यापीठाच्या मार्गदर्शकाबरोबरच जाता येते.

पुढची जागा वनस्पती उद्यान. १५४५ मध्ये स्थापन झालेले हे विद्यापीठीय उद्यान आजही त्याच जागी आहे आणि युनेस्कोने १९९७ मध्ये त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला. १५८५ मध्ये लावलेले ताडाच्या जातीचे एक झाड तिथे काचेच्या उंच घरात अजून उभे आहे. जर्मन कवी गटेने १७८६ मध्ये ते पाहिले आणि वनस्पतींच्या अवयवांच्या रूपांतराबद्दलच्या त्याच्या विचारांना त्यातून चालना मिळाली. उद्यानात आम्ही दुपारभर बसून राहिलो. घड्याळाकडे पाहण्याची गरज नव्हती आणि बस सुटण्याची भीती नव्हती.

एक दिवस आम्ही पूर्णपणे कोरा ठेवला होता आणि तो तसाच राहू दिला. पहिल्या सहलीत रोज सकाळी सामान दाराबाहेर ठेवून निघायचे असते, त्यामुळे कपडे धुऊन वाळवायला सलग दोन रात्री एका जागी मिळतच नाहीत. स्वयंसेवा धुलाईकेंद्रात तास-दीड तासात सगळे कपडे धुऊन आणि वाळवून झाले. औषधांचा हिशेब, दुसऱ्या सहलीची कागदपत्रे वेगळी काढणे, बॅग नव्याने भरणे आणि मनसोक्त झोप, एवढ्यातच तो दिवस गेला. संध्याकाळी प्रातो देल्ला वाल्ले या प्रचंड लंबगोल चौकात, कालव्याच्या दोन्ही काठांवरच्या ७८ पुतळ्यांच्या ओळींमधून, आम्ही सावकाश फेरी मारली. दोन सहली सलग करणाऱ्यांनी हा दिवस चैन समजून वगळू नये. दुसऱ्या सहलीच्या पहिल्या आठवड्यात अंगात किती उत्साह असेल, हे याच दिवसावर ठरते.

आता कागदपत्रांविषयी, कारण मोकळ्या दिवसांची खरी अडचण तिथे असते. शेंगेन व्हिसा (युरोपातील बहुतेक देशांचा एकत्रित व्हिसा) लागणाऱ्या प्रवाशांनी हे दिवस अर्जात स्वतंत्रपणे दाखवावे लागतात. सहल कंपन्यांची पत्रे फक्त त्यांच्या तारखांपुरती असतात. मधल्या प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचा पुरावा आपण जोडायचा असतो. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा आणि सलग सगळ्या दिवसांचा हवा, दोन सहलींचे दोन तुकडे आणि मध्ये खिंडार असे चालत नाही. अर्ज कोणत्या देशाकडे करायचा हेही मोकळ्या दिवसांमुळे बदलू शकते, कारण ज्या देशात सर्वाधिक दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करावा लागतो आणि हे दिवस त्या मोजणीत धरले जातात. दुसरी सहल शेंगेन क्षेत्राबाहेर जाऊन पुन्हा आत येणार असेल, तर अनेक प्रवेशांचा व्हिसा मागावा. याशिवाय, विमानतळावरून किंवा स्थानकावरून हॉटेलपर्यंत नेण्याची सोय बहुधा सहलीच्या अधिकृत पहिल्या दिवशीच असते, हेही आधी विचारून घ्यावे. इटलीतील पुष्कळ वस्तुसंग्रहालये सोमवारी बंद असतात. मोकळा दिवस सोमवारी येत असेल तर धुलाईचा दिवस तोच ठेवावा.

रोम ते पादोवा थेट वेगवान गाडी आहे. पुढे पादोवाहून व्हेनिसच्या मेस्त्रे स्थानकावर जाऊन तिथून व्हिएन्नाची थेट गाडी आम्ही पकडली. इटलीत रेल्वेचे संप होतात आणि ते साधारणपणे आधी जाहीर होतात; म्हणून दुसऱ्या सहलीच्या पहिल्या दिवशीच व्हिएन्नाला पोहोचण्याचा बेत कुणीही करू नये, असे माझे ठाम मत आहे. विमानाने हा प्रवास लवकर झाला असता, पण मग ऑस्ट्रियातला सेमेरिंगचा घाट दिसला नसता. १८४८ ते १८५४ या काळात बांधलेला हा ४१ किलोमीटरचा रेल्वेमार्ग दुमजली पूल आणि बोगद्यांतून आल्प्स पार करतो. त्याचा अभियंता कार्लो गेगा व्हेनिसचा आणि पादोवाच्या विद्यापीठात शिकलेला. त्याने आराखडा केला तेव्हा असा चढ चढू शकणारे इंजिनही तयार नव्हते. त्यासाठी १८५१ मध्ये इंजिनांची स्पर्धा घ्यावी लागली. ज्या विद्यापीठाच्या जिन्यावरून आम्ही नुकत्याच उतरलो होतो, तिथल्याच विद्यार्थ्याने आखलेल्या रुळांवरून व्हिएन्नाला जाताना ताई खिडकीपासून हललीच नाही.

व्हिएन्नात आम्ही एक रात्र आधी पोहोचलो. ती रात्र सहलीच्याच हॉटेलात स्वतंत्रपणे आरक्षित केली होती आणि दोन्ही आरक्षणांना एकच खोली द्यावी, अशी विनंती हॉटेलला आधीच लिहून पाठवली होती, त्यामुळे सकाळी सामान हलवावे लागले नाही. आम्ही पोहोचल्याचा निरोप सहल-व्यवस्थापकांना लगेच कळवला, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पहिल्या बैठकीला जाण्यापूर्वी दुपारी पुन्हा तासभर झोपलो.