डोमेन हलवली एकदाची
आज २९ डिसेंबर २०११, गोडॅडी या डोमेन (वेबसाइटचे पत्ते) विकणाऱ्या कंपनीच्या निषेधाचा मूव्ह युवर डोमेन डे, म्हणून ऑफिसातून आल्या आल्या तिथली माझी डोमेन काढायला बसलो. बायको म्हणाली, अरे त्यांनी तर २३ तारखेलाच सोपाचा (स्टॉप ऑनलाइन पायरसी ॲक्ट, अमेरिकन संसदेतलं पायरसीविरोधी बिल) सपोर्ट काढून घेतला ना, मग आता कशाला? काढला गं, पण कधी, रेडिटवर बॉयकॉट पेटल्यावर दुसऱ्या दिवशी! विकिपीडियाच्या जिमी वेल्सनी पण आमची डोमेन हलवणार म्हणून जाहीर केलंय.

पायरसी थांबवा की, कोण नको म्हणतंय, पण या बिलाप्रमाणे परदेशातल्या साइटवर आरोप झाला की कोर्टाची ऑर्डर आणून तिचं डीएनएस (नावावरून साइट शोधून देणारी यंत्रणा) ब्लॉक, सर्चमधून गायब, पेमेंटवाले आणि जाहिरातवाले पण तोडायचे, हा तर रोगापेक्षा इलाज भयंकर.

हलवणं तसं काही अवघड नाही, अनलॉक करा, ऑथ कोड (ट्रान्सफरचा पासवर्ड) घ्या, नवीन ठिकाणी टाका, मेल आली की कन्फर्म करा. नेमचीप ही दुसरी डोमेन कंपनी आज प्रत्येक ट्रान्सफरमागे १ डॉलर ईएफएफला (इंटरनेटवरच्या हक्कांसाठी लढणारी संस्था) देतेय, म्हणून तिकडेच गेलो.

काँग्रेसमन लामार स्मिथचं हे सोपा बिल मात्र अजून कमिटीत जिवंत आहे, त्यामुळे उद्या आमच्या काँग्रेसमनच्या ऑफिसला फोन. न्यू जर्सीवाल्यांनो तुम्ही पण लावा रे, मतदानाचा हक्क नसला तरी फोन करता येतो.