तुम्ही विचारलंत म्हणून: बग्रामला अमेरिकन तळावर कामाला जाणं परवडलं का?

"नाना, जाऊ का?"

फौजेतून पेन्शनवर आलेला, असल्या तळावर कामाला निघालेला पोरगा हा प्रश्न आधी मला विचारतो, मग बायकोला. कारण मी जाऊन आलोय. ईएमईत, म्हणजे फौजेच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या शाखेत, १७ वर्षं काढून नाईक म्हणून कोरेगावला घरी आलो आणि २०११ ते २०१३ अफगाणिस्तानात, बग्रामच्या अमेरिकन तळावर जनरेटर मेकॅनिक होतो. हातात बंदूक नव्हती, पाना होता. तळावरचा स्वयंपाक, धुणी, संडास, वीज, ट्रक, सगळं ठेकेदारांकडे, आणि त्यांच्याकडे राबणारे आम्ही भारतीय, नेपाळी, फिलिपिनो. अमेरिकन कागदांत आमचं नाव 'थर्ड कंट्री नॅशनल', म्हणजे ना अमेरिकेचा ना अफगाणिस्तानचा, तिसऱ्याच देशाचा माणूस. बोलताना नुसतं टीसीएन.

आधी पैशांचं सांगतो. महिना ९०० डॉलर, तेव्हाच्या भावाने ४५ हजारांच्या आसपास. खाणं-राहणं फुकट. वर पेन्शन चालूच. पण ड्युटी बारा तासांची आणि सुट्टी जवळपास नाहीच, म्हणजे महिन्याचे ३६० तास. भागाकार करा, तासाला अडीच डॉलर पडतात. एजंटला दीड लाख दिले होते, बायकोच्या पाटल्या गहाण टाकून. पहिले चार-पाच महिने मी पाटल्यांसाठीच राबलो. दुसऱ्या वर्षी मात्र शिल्लक पडली. घरावर स्लॅब पडला, विहीर खोल केली. खोटं कशाला बोलू.

रॉकेटचं सगळेच विचारतात. यायची. भोंगा झाला की पालथं पडायचं, मग बंकर गाठायचा. भिंतीबाहेरचा रस्ता त्याहून वाईट. २०१६ च्या जूनमध्ये काबूलला कॅनडाच्या दूतावासाच्या पहारेकऱ्यांची बस कामावर जाताना उडवली. मेलेले बहुतेक नेपाळी होते. मला स्वतःला भोवला तो धूर. तळावरचा कचरा उघड्यावर जाळायचे, प्लॅस्टिकसकट. त्या धुराने आजारी पडलेल्या स्वतःच्या माजी सैनिकांसाठी अमेरिकेने २०२२ मध्ये कायदा केला. माझा खोकला त्यात बसत नाही.

पण रॉकेट आणि धूर दोन्ही बाजूला ठेवा. मी पोरांना एकच विचारतो: तुला काही झालं तर उत्तर कोण देणार? वर अमेरिकन सैन्य, खाली मोठा ठेकेदार, त्याखाली पोटठेकेदार, त्याखाली दुबईचा माणसं पुरवणारा, त्याखाली मुंबईचा एजंट. पगार पाझरत पाझरत खाली येतो आणि जबाबदारी त्याच वाटेने वर चढत कुठेतरी गायब होते.

आमच्यातल्या एका मल्याळी मेकॅनिकची तीन बोटं मशीनच्या पट्ट्यात गेली. मलमपट्टी झाली, हातात तिकीट दिलं, घरी पाठवला. आता, १९४१ पासून अमेरिकेत 'डिफेन्स बेस अ‍ॅक्ट' आहे. त्याखाली ठेकेदाराला आणि पोटठेकेदारालाही विमा काढावा लागतो, आणि तो परदेशी कामगारालाही लागू होतो. काम करता येईना तर सरासरी पगाराचा दोन तृतीयांश भाग, आणि मेलो तर बायकोला निम्मा. पण दुखापत ३० दिवसांत कळवायची आणि दावा वर्षाच्या आत करायचा. हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. मला कळलं तेव्हा त्याचं वर्ष केव्हाच उलटलं होतं.

आपल्याकडची गंमत वेगळीच. अफगाणिस्तान, इराक, कुवेत असल्या देशांत मजुरीला जाणाऱ्याचा करार आपलं सरकार तपासतं, पण ते दहावी नापासांसाठी. फौजी बहुतेक दहावी पास. त्याचा पासपोर्ट ईसीएनआर, 'तपासणीची गरज नाही' असा, म्हणजे कुणी काही विचारणार नाही. त्याला तो मान वाटतो. मलाही वाटला होता.

एजंटला कायद्याने जास्तीत जास्त ३० हजार आणि वर जीएसटी घेता येतो. अमेरिकन सरकारच्या ठेक्यात तर कामगाराकडून भरतीचा पैसाच घ्यायचा नाही आणि त्याचा पासपोर्टही अडकवून ठेवायचा नाही, असा नियम आहे. म्हणून तळाचं नाव सांगून कुणी लाख मागितले की मी तिथेच थांबवतो. रशियाचं तर बोलूच नका. 'हेल्पर' म्हणून नेलेली आपली पोरं युक्रेनच्या आघाडीवर उभी केली. जानेवारी २०२५ मध्ये परराष्ट्र खात्यानेच सांगितलं: १२ मेले, १६ बेपत्ता. तिथे ठेकेदारसुद्धा नव्हता, थेट सैन्याच्या करारावर सही होती, वाचता न येणाऱ्या भाषेतली.

कुवेतच्या अरिफजानसारख्या अमेरिकन तळावर, पक्क्या कंपनीचं पत्र हातात असेल, तर मी नाही म्हणत नाही. पत्रावर कंपनीचं नाव, कामाची जागा, विम्याचा उल्लेख हवा. त्याची एक प्रत बायकोजवळ ठेवायची, पेटीत नाही.

गेल्या महिन्यात शेजारचा पोरगा आला. म्हटलं, कागद दाखव. त्याने मोबाईलवर एजंटचा आवाज ऐकवला: "पेपर एअरपोर्टवर मिळतील." मी नको म्हणालो. चहा पिऊन गेला. परवा त्याच्या आईचा फोन आला. "नाना, पोराला कशाला अडवता? तुमचा स्लॅब कशावर पडला?"