फाइलमधली कोरी सहा वर्षे

मंगळवार, रात्री

आज मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांची एक्स-रे तपासणी, करून आले. तिथल्या तंत्रज्ञ बाईंनी आत जाताच विचारले, "जुनी फिल्म आणली आहे का?" मी फाइल पुढे केली आणि त्यावरची तारीख पाहून मनातून ओशाळले. चाळिशीनंतर दर दोन वर्षांनी ही तपासणी करून घ्या, असे डॉक्टरांनी मला बजावले होते. तरी मधली सहा वर्षे फाइल कोरीच होती. त्या काळात घरातल्या प्रत्येकाचे रिपोर्ट मी वेळच्या वेळी आणले, माझी तारीख मात्र पुढे ढकलत राहिले.

काखेत पावडर किंवा डिओडरंट लावले असेल तर पुसून या, असे त्यांनी सांगितले, कारण त्याचे कण फिल्मवर पांढऱ्या ठिपक्यांसारखे दिसू शकतात. मग यंत्राच्या दोन थंड पट्ट्यांमध्ये स्तन घट्ट दाबला गेला आणि मी श्वास रोखून उभी राहिले. दुखले, पण काही क्षणच. नंतर डॉक्टरांनी दोन्ही फिल्म उजेडावर शेजारी शेजारी लावल्या. आजच्या फिल्मवर एक बारीक पांढरा ठिपका होता, आणि सहा वर्षांपूर्वीच्या फिल्मवरही तो तिथेच, तेवढाच होता. जुनी फिल्म हरवली असती, तर त्या ठिपक्यापायी आणखी किती तपासण्या आणि किती रात्रींची झोप गेली असती, कोण जाणे.

दुखणे अंगावर काढू नये, असे आम्ही बायका एकमेकींना सांगतो. पण या तपासण्या मुळात काहीही दुखत नसताना करायच्या असतात, हे माझ्याही मनात आज नीट उतरले. एचपीव्ही या विषाणूच्या संसर्गापासून गर्भाशयमुखाचा कर्करोग होईपर्यंत बहुधा १५ ते २० वर्षे जातात, आणि गर्भाशयमुखाच्या पेशींतला बदल पॅप चाचणीत, तर विषाणू एचपीव्ही चाचणीत त्याआधीच सापडू शकतो. २२ वर्षांच्या लेकीला हे सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "पण मी लस घेतली आहे ना!" एचपीव्हीची लस या विषाणूच्या सगळ्या प्रकारांना रोखत नाही, म्हणून तपासणी तिलाही चुकणार नाही, कधीपासून आणि किती वर्षांनी, हे ती तिच्या डॉक्टरांना विचारणार आहे. रक्तदाब आणि हिमोग्लोबिन मात्र दोघींचेही याच आठवड्यात पाहून घ्यायचे ठरले.

आईचा विचार मनातून जात नाही. ती ६७ वर्षांची आहे. गेल्या वर्षी नुसता पाय घसरल्याचे निमित्त होऊन तिचे मनगट मोडले, प्लास्टर झाले, निघाले, पण हाडांची घनता तपासा, असे तेव्हा कोणीच सुचवले नाही, याचा मला अजून राग येतो. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होते आणि हाडे झपाट्याने विरळ होऊ लागतात; मग एवढ्या तेवढ्या पडण्याने मनगट मोडते, हीच पुष्कळदा त्याची पहिली खूण असते. तिच्या हाडांच्या घनतेच्या तपासणीसाठी शुक्रवारी सकाळची वेळ मिळाली आहे. आई नको म्हणते आहे, कारण मनगट आता दुखत नाही.