‘ताबा दिला असे मानले जाईल’

गेल्या वर्षी माझ्या ताईने मुलुंडमध्ये बांधकाम चालू असलेल्या इमारतीत सदनिका घ्यायचे ठरवले, तेव्हा विक्री करारनाम्याचा इंग्रजी मसुदा आम्ही दोघींनी सलग तीन संध्याकाळी बसून वाचला. किंमत, हप्ते आणि चटई क्षेत्र ताईने आधीच तपासले होते. मी अडखळले ती ताब्याच्या कलमावर.

ताब्याची तारीख ठळक छापलेली होती, परंतु वाक्याची सुरुवात ‘पुढील बाबींच्या अधीन राहून’ अशी होती आणि युद्ध, पूर, भूकंप यांच्यामागोमाग ‘विकासकाच्या नियंत्रणाबाहेरील अन्य कोणतेही कारण’ हेही त्या बाबींत होते. 2016 च्या स्थावर संपदा कायद्याच्या (रेरा) कलम 6 मधील व्याख्या युद्ध, पूर, दुष्काळ, आग, चक्रीवादळ, भूकंप आणि प्रकल्पाच्या कामावर परिणाम करणारी अन्य नैसर्गिक आपत्ती एवढ्यावरच थांबते. मजूर मिळाले नाहीत किंवा सिमेंट महागले, तर ती सबब या व्याख्येत बसत नाही. ताईच्या मसुद्यातील शब्दांत मात्र सहज बसली असती.

त्याहून गंभीर वाक्य दोन पाने पुढे होते. अंतर्गत सजावटीसाठी किल्ल्या दिल्या की त्या दिवसापासून सदनिकेचा ताबा ‘दिला असे मानले जाईल’, असे ते सांगत होते. पाणी, मलनिस्सारण आणि वीज यांची सोय असलेल्या इमारतीत राहण्यास परवानगी देणारे भोगवटा प्रमाणपत्र मिळालेले नसतानाही विकासकाला विलंब तिथेच संपल्याचा दावा करता आला असता आणि देखभाल खर्च मात्र सुरू झाला असता. कायद्याच्या कलम 18 प्रमाणे ताबा लांबल्यास ग्राहकाला प्रकल्पातून बाहेर पडून व्याजासह पैसे परत मागता येतात, किंवा थांबून दर महिन्याच्या विलंबाचे व्याज घेता येते. महाराष्ट्रात हा दर स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआरपेक्षा (बँकेच्या कर्जाच्या मूळ व्याजदरापेक्षा) 2 टक्के अधिक आहे. किल्ल्यांना ताबा मानले की त्या व्याजावरून वाद उभा राहणार. (मुंबईतील सोसायट्यांना ‘झाले असे मानलेले’ या अर्थाचा ‘मानीव’ शब्द अभिहस्तांतरणामुळे, म्हणजे जमीन-इमारतीची मालकी सोसायटीच्या नावे होण्यामुळे, चांगला परिचित आहे, पण तिथे तो विकासक टाळाटाळ करतो तेव्हा रहिवाशांच्या उपयोगी पडतो.)

वाचताना आम्हाला सर्वाधिक मदत झाली ती या कायद्याखालील महाराष्ट्राच्या 2017 च्या नियमांना जोडलेल्या आदर्श करारनाम्याची. तो शेजारी ठेवून दोन्ही मसुद्यांतील कलमे ओळीने ताडून पाहिली, तेव्हा कोणता शब्द कुठे नव्याने घातला आहे ते आपोआप दिसू लागले. आदर्श करारनाम्यात शासनाच्या किंवा न्यायालयाच्या आदेशामुळे मिळणाऱ्या मुदतवाढीची तरतूद आहे, हे मान्य करायला हवे. पण ‘अन्य कोणतेही कारण’ तिथे नाही.

कायद्याच्या कलम 13 नुसार करारनामा नोंदवण्यापूर्वी किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा अधिक रक्कम घेता येत नाही आणि ताईने त्याहून कमीच भरली होती, त्यामुळे बदल मागण्याचे बळ तिच्याकडे होते. वकिलांमार्फत तिने दोन्ही ठिकाणी लेखी हरकत घेतली. किल्ल्यांचे वाक्य बदलून ‘भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यानंतर’ असे झाले. ‘अन्य कोणतेही कारण’ काढायला विकासक तयार नव्हता. दोन आठवडे पत्रव्यवहार चालला आणि शेवटी कलम 6 मधील व्याख्याच जशीच्या तशी तिथे आली. मुद्रांक शुल्क भरून ताई दुय्यम निबंधकांपुढे सहीला गेली, तेव्हा सगळ्यात आधी तिने ती दोन पाने पुन्हा उघडून वाचली.