फीडर बंद, तरी डीपी घुमत होती

मी वरुड तालुक्यातला लाइनमन. उन्हाळ्यात वावधन, म्हणजे वादळवारा, आम्हाला नवं नाही. दिवसभर अंग भाजतं, चार वाजता आभाळ काळं होतं, टिनं वाजतात, एखादा फेज जातो. त्या दिवशी नागपूरच्या हवामान केंद्राचा इशारा सकाळीच मोबाईलवर आला होता. पण मे महिन्यात असे इशारे येतच असतात, आणि लग्नाची तिथी त्यासाठी कोणी पुढं ढकलत नाही.

लग्न गावातच होतं. पंगत बसलेली आणि वारा सुटला. मांडव फडफडायला लागला तसे पाहुणे शेजारच्या टिनाच्या शेडात घुसले. नवरीच्या आजोबांनी काठी घेऊन सगळ्यांना तिथून झेडपी शाळेच्या स्लॅबखाली पिटाळलं. "पारसचं इसरले काय रे?" 2023 च्या एप्रिलमध्ये अकोला जिल्ह्यात पारसला मंदिराच्या टिनशेडवर जुना कडुनिंब कोसळला, सात माणसं गेली. म्हाताऱ्याच्या डोक्यात ते पक्कं बसलेलं होतं. बरं झालं. त्या शेडाची टिनं तर उडालीच, लोखंडी अँगलही वाकले.

पंधरावीस मिनिटांत सगळं आटोपलं. गारा, पाऊस, मग एकदम थंड. मी गाडी काढून लाइन बघायला निघालो. पोल सगळे एकाच अंगाला, आग्नेयेकडं तोंड करून पडलेले. गरगर फिरणारी हवा असती तर एक इकडं, एक तिकडं दिसला असता. ही ढगातून खाली आदळून सरळ पुढं लोटत गेलेली हवा होती. सिमेंटचे पोल जमिनीलगत मोडून आतल्या तारा बाहेर आलेल्या. एका बागेत अकरा केव्हीची तार संत्र्याच्या झाडांवर लोंबत होती आणि खाली अंबिया बहाराच्या, म्हणजे हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्याच्या, हिरव्या फळांचा सडा. वर्षाचं पीक होतं ते.

गावात शिरल्याबरोबर घोळका. "लाइन कवा येते जी?" लोकांना वाटतं, वादळानंतर आमचं काम म्हणजे लाइन आणणं. खरं म्हणजे पहिले काही तास ती येऊ न देणं हेच मोठं काम असतं. सबस्टेशनच्या ऑपरेटरला फोन लावला. फीडर, म्हणजे सबस्टेशनातून गावाकडं येणारी लाइन, ट्रिप होऊन बंद पडलेला होता. म्हटलं, लाइन चालू करून ट्रायल घेऊ नको, तारा वावरात आहेत. लाइन बंद ठेवून काम करायचं परमिट घेतलं, पोलावरचा, लाइन तोडणारा एबी स्विच उघडला, त्याच्या दांड्याला कुलूप ठोकलं.

तोवर अंधार पडला. हेल्पर पोरगा डीपीच्या, म्हणजे गावाच्या ट्रान्सफॉर्मरच्या, स्ट्रक्चरवर चढायच्या तयारीत होता. मी त्याचा दंड धरला. डीपी घुमत होती. बारीक, पण घुमत होती. फीडर बंद, स्विच माझ्या हातानं उघडलेला, गावात एकाही खांबावर दिवा नाही, आणि ही घुमते? पेटी उघडून टेस्ट लॅम्प लावला. एका फेजवर भक्कन पेटला.

डीपी अकरा हजार व्होल्टचे चारशे करते. उलट्या बाजूनं घरातली लाइन तिला दिली तर वरच्या तारांवर अकरा हजार चढवते. त्याच तारा पुढं बागेत लोंबत होत्या, आणि लोक टॉर्च घेऊन सुटलेली ढोरं शोधत तिकडंच फिरत होते. पोराला डीपीपाशी उभं केलं, कोणाला बागेकडं जाऊ देऊ नको म्हटलं, आणि आवाजाच्या रोखानं पळालो. जनरेटरचा आवाज.

लग्नघर. मांडव गेला, लाइन गेली, म्हणून डेकोरेशनवाल्यानं जनरेटर थेट मीटरच्या बोर्डाला जोडलेला. मेन स्विच पाडायचं कोणालाच सुचलं नाही. डीपीकडून गावात जाणारी खालची तार तिसऱ्या पोलाजवळ तुटलेली, त्यामुळं गावाचा लोड जनरेटरवर आलाच नाही. आला असता तर ते बिचारं मशीन तिथंच बसलं असतं.

मी जनरेटर बंद केला तसा नवरदेवाचा मामा अंगावर आला. "लग्नघर आहे, काही समजते का तुम्हाले?" वाद घालायला वेळ नव्हता. पोलावर चढून त्यांची सर्व्हिस वायर सोडवली आणि म्हटलं, आता खुशाल चालवा, रात्रभर चालवा. मग डीपीचे डीओ, म्हणजे वरच्या तारांवरचे फ्यूज, पाडले, टेस्टर लावून बघितलं, तारांवर अर्थिंगची साखळी टाकली, आणि तेव्हाच पोराला वर चढू दिलं.

दुसऱ्या दिवशी गावातल्या पोरांनी खड्डे खोदले, सरपंचांच्या ट्रॅक्टरवर पोल आले. आधी नळयोजनेचा पंप चालू केला, मग गाव. तलाठीभाऊ पंचनाम्याला फिरत होते. गोठ्याखाली दबून एक बैल मेला होता. ओढकाम करणाऱ्या जनावराचे तेव्हा सरकारकडून 32 हजार मिळायचे, पण तेवढ्या पैशात दुसरा बैल विकत येत नाही, हे ते मालकाला सांगायच्या आधीच मालकाला ठाऊक होतं.

लग्नघराची सर्व्हिस जोडायला गेलो तर आजोबांनी वरुडहून चेंजओव्हर स्विच, म्हणजे लाइन आणि जनरेटर एकाच वेळी जोडू न देणारा स्विच, आणून ठेवलेला. तो बसवणं माझं काम नव्हे, तरी लावून दिला. शेतीच्या फीडरचे पोल मात्र लवकर आले नाहीत, आणि टँकरनं बाग जगवणाऱ्यांचे फोन मला रोज सकाळी सहापासून येत होते.